नवीन मॅक्रो लेन्स आणि रस्त्याकडेची फुलं : अनुभव, प्रश्न, सल्ले

रानकेवडा:
बरेच महिने घेऊ की नको चाललं होतं, शेवटी या पावसाळ्यात मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून बारीक गोष्टी मोठ्या टिपणारी लेन्स, घेतलीच. टॅमरॉनची ९० मिमी एफ/२.८, सोनी कॅमेऱ्याला बसणारी, २०२४ मध्ये आली ती. बॉडी, म्हणजे कॅमेरा, जुनीच आहे, सोनी ए७ थ्री. इथे फुलांचे फोटो काढणारे बरेच जण आहेत म्हणून सविस्तर लिहितेय, आणि खाली काही प्रश्नही आहेत.

१:१ म्हणजे नक्की काय हे लेन्स हातात येईपर्यंत कळत नाही. वाचलेलं असतं की वस्तू जेवढी आहे तेवढीच सेन्सरवर उमटते, पण फुलफ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमीचा, म्हणजे दीड इंचाहूनही कमी रुंदीची जागा अख्ख्या फ्रेममध्ये मावते. जास्वंद १:१ ला काढायला गेलं तर फूल सोडाच, मधल्या दांड्याचा शेंडाच तेवढा येतो, पाच लाल मखमली गोळे आणि त्यांच्या खाली पिवळे परागकोश. दिसतं सुंदरच, पण खरं सांगू का, जास्वंदीसाठी एवढी लेन्स लागत नाही. फूल जितकं बारीक तितके हिचे पैसे वसूल.

आमच्या सोसायटीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे, पावसाळ्यात तिथे सगळं तण माजतं. एकदांडी, केना, आंबुशी, भुईआवळा, ओसाडी, नुसतं रान. एरवी आपण त्यातून चालत जातो, फूल म्हणून कोण बघतंय तिकडे. एकदांडी १:१ ला बघितली आणि मी तिथेच बसून राहिले. ते एक फूल नाहीच, मधल्या पिवळ्या भागात किती तरी बारीक नळ्या आहेत, प्रत्येक नळी म्हणजे स्वतंत्र फूल, प्रत्येकीला पाच टोकं, आणि कडेच्या ज्या पांढरट पाकळ्या वाटतात त्यातली प्रत्येकसुद्धा एक वेगळं फूल, टोकाला तीन दात असलेली. बाहेरच्या ओळीतल्या नळ्या उमललेल्या आणि अगदी मधल्या अजून मिटलेल्या कळ्या. झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातली म्हणून हे असं असतं एवढं पुस्तकात वाचलेलं, पण स्वतःच्या स्क्रीनवर मोजता येईल इतकं स्पष्ट दिसणं वेगळंच.

केना तर त्याहून. दोन निळ्या पाकळ्या मोठ्या, तिसरी खाली लहानशी, आणि मध्ये पिवळेधमक तुरे. त्यातले वरचे पिवळे तुरे वांझ असतात, पराग खालच्या पुंकेसरांत असतो. दुपारपर्यंत फूल मिटून जातं त्यामुळे सकाळीच गाठावं लागतं.

आता अडचणी. एक म्हणजे वारा, स्क्रीनवर फूल स्थिर म्हणून नसतंच. दुसरं, एफ/८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक करूनसुद्धा, एक टोक शार्प आलं की दुसरं गेलं. आणि लोक ते अनेक फोटो एकत्र करतात त्या स्टॅकिंगसाठी माझ्या बॉडीत फोकस ब्रॅकेटिंग (फोकस आपोआप थोडा थोडा सरकवत फोटो काढायची सोय) नाही. जाणकारांनी सांगावं.

डोंगरवारा:
अभिनंदन ताई! एकदांडीचं वर्णन वाचून उद्याच बघतो, आमच्याकडे बांधावर ढिगाने असते. दोन प्रश्न. फुलाच्या किती जवळ जावं लागतं? आणि ट्रायपॉड वापरता की हातात?

रानकेवडा:
@डोंगरवारा, कमीत कमी फोकस अंतर २३ सेंमी दिलंय पण ते सेन्सरपासून मोजतात. त्यातून लेन्सची लांबी वजा केली की लेन्सच्या तोंडापासून फूल आठ-साडेआठ सेंमीवर येतं, हूड लावलं की आणखी कमी. फुलांना चालतं हे, फूल पळून जात नाही, पण त्यावर बसलेली माशी-मुंगी लगेच सटकते आणि आपलीच सावली पडते. सध्या हातातच, कारण भुईआवळ्यासारख्या गोष्टीला कॅमेरा जमिनीला टेकवावा लागतो. त्याची फुलं फांदीच्या खालच्या बाजूला लोंबतात, जेमतेम दोन मिमीची, वरून बघितलं तर झाड फुलांवर आलंय हे कळतही नाही. स्क्रीन वर उघडून, एक कोपर जमिनीला टेकवून काढते.

फिल्मरोल:
छान धागा. मी फिल्मच्या काळापासून मॅक्रो करतोय म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

टॅमरॉनची ९० मिमी ही जुनी परंपरा आहे. १९७९ साली त्यांची पहिली ९० मिमी एफ/२.५ आली, ती १:२ पर्यंतच जायची, म्हणजे फूल अर्ध्या आकारात उमटायचं. आणि त्या १:२ वर लोकांनी अप्रतिम फुलं काढलीत. हे मुद्दाम सांगतोय कारण नवीन मॅक्रो लेन्स आली की प्रत्येक जण शेवटच्या टोकापर्यंत, १:१ वर जाऊन बसतो आणि मग डेप्थ, म्हणजे शार्प भागाची जाडी, मिळत नाही म्हणून हैराण होतो.

गणित बघा. फुलफ्रेमवर एफ/८ ला १:१ वर शार्प भाग साधारण १ मिमी जाडीचा. तोच एफ/८ ठेवून १:२ वर आलात की जवळजवळ ३ मिमी. म्हणजे फक्त थोडं मागे सरकून तिप्पट डेप्थ. २४ मेगापिक्सेल आहेत तुमच्याकडे, मग क्रॉप करा की. एफ/१६ करून १:१ वर सुद्धा २ मिमीच्या आतच मिळतात आणि वर डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्याने) सगळंच थोडं मऊ पडतं, कारण १:१ ला प्रकाश साधारण दोन स्टॉप कमी, म्हणजे एक चतुर्थांशच, पोचतो आणि लेन्स प्रत्यक्षात त्याहून बरीच बारीक झाल्यासारखी वागते. मी एफ/८ ते एफ/११ च्या पलीकडे सहसा जात नाही.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सेन्सर कुठल्या कोनात धरलाय. तो १ मिमीचा शार्प भाग सेन्सरला समांतर असतो. तुम्ही ठरवायचं की फुलातलं काय काय त्या एका पातळीत बसवायचं. जास्वंदीचा दांडा समोरून काढला तर शेंडा तेवढा शार्प, तोच बाजूने, कॅमेऱ्याची पाठ दांड्याला समांतर ठेवून काढला तर शेंड्यापासून खालपर्यंत सगळे परागकोश शार्प. एफ नंबर तोच, लेन्स तीच. तुमच्या एकदांडीत मधला भाग किंचित फुगीर असतो, ती बरोबर वरून काढलीत तर पिवळ्या नळ्यांची तोंडं बऱ्यापैकी एका पातळीत येतात. कोन दोन-चार अंशांनी चुकला की अर्धं फूल गेलं.

रानकेवडा:
@फिल्मरोल काका, लांबण कसली, हेच तर हवं होतं! १:२ चं गणित कुणीच असं सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी दोन्ही करून बघते.

खिशाला_परवडेल_तेच:
ज्यांना एवढी लेन्स घेणं शक्य नाही त्यांच्यासाठी लिहितो, नाहीतर धागा वाचून लोक निराश होतील. माझ्याकडे क्रॉप बॉडी (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरची), ५० मिमी एफ/१.८ आणि एक्स्टेन्शन ट्यूबचा सेट आहे. ट्यूब म्हणजे नुसती पोकळ कडी, आत काच नाही. हिशोब सोपा, ट्यूबची लांबी भागिले फोकल लेन्थ. २५ मिमीची ट्यूब ५० च्या लेन्सला लावली की सेन्सरवरचा आकार ०.५ पटीने वाढतो, त्यात लेन्सची स्वतःची क्षमता मिळवायची. लांबचं काही फोकस होत नाही मग, पण फुलं काढायची असल्यावर लांबचं हवंय कुणाला. घेताना एवढंच बघा की आत इलेक्ट्रिकल काँटॅक्ट असलेली ट्यूब घ्या, नाहीतर अ‍ॅपर्चर बदलता येत नाही आणि फोकस पण हातानेच.

दुसरं म्हणजे रेनॉक्स २५०. पुढे क्लिपने बसणारी छोटी काच, ८ डायॉप्टरची. मित्राच्या ५५-२५० मिमी झूमवर लावून बघितली, २५० मिमीला दुपटीच्या आसपास मोठं दिसतं, म्हणजे तुमच्या १:१ च्याही पुढे. अंतर मात्र ठरलेलं, साधारण ११-१२ सेंमी, पुढे-मागे झालात की सगळं धूसर. सवय होते पण. भुईआवळ्याची दोन मिमीची फुलं यात झकास येतात.

डोंगरवारा:
रेनॉक्सचं माहीतच नव्हतं. माझ्याकडे ती किट झूम पडूनच आहे. धन्यवाद भाऊ!

पानाआड:
मोबाइलवाल्यांचं काय? आजकाल मॅक्रो मोड असतो ना.

फिल्मरोल:
@पानाआड, असतो, आणि एकदांडीएवढ्या फुलाला वाईट नाही. बऱ्याच फोनमध्ये मॅक्रो मोड म्हणजे अल्ट्रावाइड कॅमेराच असतो, तो दोन-तीन सेंमीपर्यंत जवळ जातो. त्यामुळे फोनची सावली पडते आणि मागचा सगळा पसारा फ्रेममध्ये येतो. बाजूने उजेड येईल असं बघा आणि मागे एखादं मोठं हिरवं पान येईल अशी जागा निवडा.

वाऱ्याबद्दल विचारलं होतं ते राहिलंच. सूर्य उगवल्यानंतरचा तास-दीड तास सगळ्यात शांत असतो, ऊन तापलं की वारा सुटतो. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा थरकाप थोडाफार सांभाळतं, इतक्या जवळून तेही कमीच, पण फूल हलतंय त्याला ते काहीच करू शकत नाही. उपाय दोन. एक, देठाला आधार. जाड तारेचा तुकडा जमिनीत खोचायचा, वरच्या टोकाला कपड्यांचा हलका चिमटा, आणि देठ चिमट्यात न आवळता नुसता टेकवायचा. दोन, फ्लॅश. कमी पॉवरवर फ्लॅश सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच पेटतो, तेवढ्यात फूल हलून हलून किती हलणार. मात्र थेट मारायचा नाही. फ्लॅशच्या पुढे बटर पेपर किंवा दुधी प्लास्टिकची शीट वाकवून लावा, फुलाच्या जितकी जवळ आणि जितकी मोठी तितका प्रकाश मऊ.

रानकेवडा:
फ्लॅशने मागचं सगळं काळं पडतं का पण? मला ते काळ्या पार्श्वभूमीवरचे फोटो आवडत नाहीत, रात्री काढल्यासारखे वाटतात.

फिल्मरोल:
पडतं, कारण फ्लॅशचा उजेड फुलापर्यंत पुरतो, मागे दोन फुटांवर पोचेपर्यंत संपतो. एक तर मागे जवळच पान येऊ द्या, नाहीतर आयएसओ ४००-८०० करून शटर थोडं हळू ठेवा म्हणजे बाहेरचाही उजेड येतो.

सातारी_कंदी:
उशिरा आलो. कास पठारावर दरवर्षी जाणं होतं म्हणून चार गोष्टी सांगतो, कारण हा धागा वाचून मॅक्रो लेन्स घेतलेले बरेच जण सप्टेंबरात तिकडेच जातील.

कासची जी फुलं फोटोत गालिच्यासारखी दिसतात ती एकेक बघायला गेलं तर बारकी असतात. सीतेची आसवं घ्या, निळसर जांभळं फूल, जेमतेम एक सेंमी, वितीपेक्षा कमी उंचीच्या काडीवर. वर एवढं नाजूक आणि खाली ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात, पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढून घेते. दवबिंदू नावाची कीटक खाणारी वनस्पती पण तिथेच, तिच्या पानावरच्या प्रत्येक लाल केसाच्या टोकाला चिकट थेंब. कोवळ्या उन्हात मागून उजेड आला की मॅक्रोला याच्यासारखा विषय नाही. शिवाय वायतुरा, जो पश्चिम घाटातलाच, पाण्याच्या डबक्यात दोन फाटे फुटलेला तुरा.

पण हे सगळं काढायला माणूस आडवा झोपतो. आणि झोपला की त्याच्या अंगाखाली तीच झाडं असतात. पठार म्हणजे जांभा खडक आणि वर मातीचा पातळ थर, त्यात एका पावसाळ्यापुरतं उगवून, फुलून, बी टाकून संपायचं असतं त्यातल्या बहुतेकांना. बी धरायच्या आत चिरडलं की पुढच्या वर्षी तिथे ते नसतं. पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारशात २०१२ साली आलं आणि गर्दी कुठच्या कुठे वाढली. फोटोवाल्यांनी तरी पायवाट सोडू नये. वाटेच्या कडेला काय कमी फुलं आहेत का. गुडघे वाटेवर, कोपर वाटेवर, आणि जे हाताच्या अंतरात येतं तेच काढायचं. लांब फोकलची मॅक्रो किंवा टेलीवर ते रेनॉक्स अशा वेळी बरं पडतं.

पानाआड:
+१. गेल्या वर्षी एक ग्रुप चक्क चटई अंथरून झोपला होता गेंदांवर (पांढऱ्या गोंड्यांची ती बारकी फुलझाडं). बोलायला गेले तर म्हणे गवतच आहे.

खिशाला_परवडेल_तेच:
@सातारी_कंदी पूर्ण सहमत. अजून एक विचारायचंय सगळ्यांना. काही जण स्प्रे बाटलीने पाणी मारून दव म्हणून फोटो टाकतात. काही तर ग्लिसरीन. हे बरोबर वाटतं का?

रानकेवडा:
माझं स्पष्ट मत, ग्लिसरीन अजिबात नको. ते सुकत नाही, फुलावर तसंच राहतं, त्यावर येणाऱ्या कीटकांचं काय. पाण्याबद्दल मी तेवढी कडक नाही, घरच्या कुंडीतल्या गुलाबावर मारलंत तर मारा. पण रानातल्या फुलावर मारून ‘पहाटेचं दव’ लिहिणं मला पटत नाही. फोटो बघणारा त्यावरून काहीतरी समजून घेत असतो.

फिल्मरोल:
थोडा वेगळा सूर लावतो. पाणी मारलंय असं लिहिलं तर मला काही गैर वाटत नाही, रानातही. पावसाळ्यात फूल दिवसभर भिजतंच. थेंबात मागच्या फुलाची उलटी प्रतिमा पकडणं हा एक सुंदर अभ्यास आहे आणि तो दवाची वाट बघत होणार नाही.

रानकेवडा:
लिहिलं तर ठीक, मान्य. लिहीत नाही ना कुणी.

लाल_माती:
तळकोकणातून नमस्कार. लेन्स नवीन आहे म्हणून आत्ताच सांगतो, पावसाळ्यात बुरशीपासून जपा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर पांढरं येतं, लेन्सच्या काचेवर का येणार नाही. ओल्या गवतात लोळून आलेली लेन्स तशीच बॅगेत कोंबली की बुरशीला आमंत्रणच. आधी कोरड्या कपड्याने पुसून पंख्याखाली तासभर ठेवा. मग हवाबंद डबा, स्वयंपाकघरात मिळतो तो रबर लावलेला चालतो, त्यात सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचं, फार कोरडंही करू नये. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ओलं झालं समजायचं, मंद आचेवर कोरड्या जुन्या कढईत गरम केलं की परत निळं होतं, ती कढई मात्र पुन्हा जेवणाला वापरायची नाही. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तमच. आणि वापरत राहा, बंद अंधारात महिनोन्महिने पडलेल्या लेन्सला सगळ्यात आधी लागते.

रानकेवडा:
@लाल_माती, अगदी वेळेवर सांगितलंत, माझी बॅगेतच असते. आजच डबा करते.

अपडेट. काकांनी सांगितलं तसं १:२ वर, एफ/११, बटर पेपरचा डिफ्यूझर. फरक जमीन-अस्मानाचा! आणि स्टॅकिंग पण हातानेच करून बघितलं: फोकस मॅन्युअलवर बांधून टाकायचा, फोकस पीकिंग (शार्प कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) चालू, बर्स्ट (सलग फोटो) लावून श्वास सोडत अंग किंचित पुढे न्यायचं. त्यातले कामाचे फोटो निवडून फोटोशॉपमध्ये लेयर अलाइन आणि ऑटो ब्लेंड. केन्याचे तुरे आणि मागची पाकळी दोन्ही शार्प आलंय.

आणि एक नवीन विषय सापडला, गवत! प्लॉटवरच्या एका गवताला सकाळी सकाळी फुलं आली होती. जांभळी पिसासारखी स्त्रीकेसरं बाहेर आलेली आणि बारीक धाग्यांवर पिवळे परागकोश पताकांसारखे लोंबत होते, जरा फुंकर बसली तरी थरथरणारे. पाकळी नाही, वास नाही, कारण पराग वाऱ्यावरच जातो. त्या पिसांना चिकटलेले परागाचे कणसुद्धा १०० टक्के झूम केल्यावर दिसतात. कुठलं गवत आहे हे कुणी सांगू शकेल का?

पुंकेसर:
वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून उत्तर देतेय. फोटो फारच सुरेख, पण यावरून नाव सांगता येणार नाही. गवतं ओळखायला परागकोश पुरत नाहीत. कणसाची अख्खी रचना हवी, ती बोटांसारखी एका जागेवरून फुटलीय की दांड्यावर वेगवेगळ्या उंचीवर, एकेक कणीस बाजूने, त्याला कुसं आहेत का, आणि पान खोडाला जिथे मिठी मारतं तिथली बारीक पडदी किंवा केसांची झालर. ती झालर तुमच्या लेन्सने छान येईल, नुसत्या डोळ्याला भिंग लागतं.

हे सगळ्याच फुलांना लागू आहे. मॅक्रो हातात आली की लोक फुलाच्या पोटातले फोटो पाठवतात आणि विचारतात हे काय. एकदांडीचं उदाहरण घ्या, वरून काढलेला फोटो सुंदर, पण मागून, देठाकडून, हिरव्या केसाळ छदांचा (फुलाला खालून वेढणाऱ्या बारीक पानांचा) फोटो ओळखायला जास्त कामाचा. तेरड्यात मागची शेपटी केवढी लांब, कशी वळलीय हे बघतो आम्ही. तेव्हा प्रत्येक फुलाचे चार फोटो तरी घ्यावेत, अख्खं झाड जागेवर कसं उभं आहे ते, पानं समोरासमोर की एकाआड एक, फूल समोरून, आणि फूल मागून. शेवटच्या दोनात एकदा पट्टी शेजारी धरा, मिमीचे आकडे दिसतील अशी. आणि काहीही उपटू नका, मागून काढायला कॅमेरा खाली जातो की.

रानकेवडा:
पट्टी धरायचं लक्षातच आलं नसतं. @पुंकेसर ताई, गवत अजून तिथेच आहे, प्लॉट साफ करायला माणसं येणार म्हणतायत त्याच्या आत उद्या पहाटे जाऊन कणीस, पडदी, कुसं सगळं काढून इथेच टाकते. ओसाडी आणि पुनर्नव्याचे पण असेच चार-चार काढते, तेही बघून सांगाल का?

पुंकेसर:
जरूर, टाका. पुनर्नव्याच्या फळाचा पण एक घ्या, त्यावर चिकट ग्रंथी असतात, १:१ ला दिसतील.